मांडीवर उघडं राहणारं पुस्तक

बाबांना लकवा मारला तेव्हा धान लोंबीवर आलं होतं आणि घरात सगळ्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती, मंडई. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. लेकीबाळी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात, आणि ज्या गावात नाटक होत नाही त्या गावाला लोक वर्षभर नावं ठेवतात. ऐंशीच्या दशकात आमच्या गावातलेच लोक तोंडाला रंग लावायचे, नट्या तेवढ्या नागपूरहून यायच्या. या नाटकात बाबा प्रॉम्प्टर होते.

बाहेरच्या माणसाला वाटतं, प्रॉम्प्टर म्हणजे नट अडला की शब्द पुरवणारा. आमच्याकडे तो प्रकारच वेगळा. दिवसभर धानाच्या बांधीत राबणारे नट संवाद पाठ कधी करणार? स्टेजपुढे खणलेल्या खड्ड्यात पेटी-तबलेवाल्यांच्या बाजूला बसून बाबा आख्खं नाटक वाचायचे, पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत. वरचा नट ते उचलायचा आणि छाती फुगवून लोकांवर फेकायचा. नाटक बाबा करतात आणि टाळ्या राजाला पडतात, असं मी लहानपणी म्हणायचे आणि आईचा धपाटा खायचे.

लकव्याने बाबांचा डावा हात गेला. पाय थोडा ओढायला लागला, पण वाचा शाबूत राहिली. सिंदेवाहीच्या दवाखान्यातून घरी आणलं, खाटेवर बसवलं, तर त्यांनी पाणी मागायच्या आधी नाटकाचा गठ्ठा मागितला. गठ्ठा म्हणजे त्यांनी स्वतः लिहून काढलेले फुलस्केप कागद, कोपऱ्यात सुतळीने ओवलेले. आजवर डाव्या हातात गठ्ठा धरून उजव्या हाताने ते पान उलटत आले होते. आता गठ्ठा मांडीवर ठेवला की घसरायचा. गुडघ्याने दाबून धरला तर पान उलटेना. दगड ठेवला तर प्रत्येक पानाला दगड उचलावा लागे. कागद खाली पसरले तेव्हा आई सूप घेऊन अंगणात निघून गेली. मी मात्र बघत राहिले, आणि मला त्या कागदांचा असा राग आला की काय सांगू.

चार दिवसांनी नाटक मंडळाचे अध्यक्ष भेटायला आले. गावात त्यांचं किराणा दुकान होतं आणि नाटकात ते राजा व्हायचे, त्यामुळे बोलताना कधी दुकानदार असत तर कधी राजा. त्या दिवशी दुकानदार होते. "भाऊ, तुमी यंदा आराम करा," ते म्हणाले. "आमचा भाचा हाय ना, बारावीले शिकून राह्यला. तो बसन खड्ड्यात."

"माहं अक्षर वाचता येईन काय त्याले?" बाबांनी विचारलं.

अध्यक्षांनी गठ्ठा उचलला, दोन-चार पानं चाळली आणि हसले. ती पानं म्हणजे शाईत बुडालेल्या मुंग्या होत्या. अर्धे शब्द, बाण, गोल, समासात आडवं-उभं लिहिलेलं. "हे तं तुमच्याशिवाय कोणाच्या बापाले वाचता येत नाई," ते म्हणाले. "ठीक हाय. दिवाळीनंतर तालीम सुरू होते. तवपर्यंत तुमाले एका हातानं जमलं, तं तुमीच."

ते गेल्यावर बाबांनी गठ्ठा पुन्हा मांडीवर ओढला. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "खड्ड्यात नाई बसलो तं मंडईले मी कोन?" आमच्या शेतावर भागत नव्हतं असं नाही. पण गावात बाबांना ओळख होती ती त्या खड्ड्यामुळे. मुलं रस्त्यात त्यांना बघून राजाचा संवाद म्हणत. ही एक जागा गेली की ते कोपऱ्यातल्या खाटेवरचे आजारी म्हातारे होणार, हे मला लख्ख दिसत होतं.

मी तेव्हा दहावी होऊन घरीच होते. लग्नाची बोलणी चालू होती, पण माझा स्वभाव पाहता ती फार पुढे सरकत नव्हती. मी ठरवलं, जे पुस्तक हात न लावता मांडीवर उघडं राहील असं पुस्तक आपण बांधायचं. कसं बांधतात ते मला अजिबात माहीत नव्हतं.

पहिल्या वेळी मी सरळ पोती शिवतात तसं केलं. गठ्ठ्याच्या एका कडेला दाभणाने भोकं पाडली, सुतळी ओढली, वर-खाली साबणाच्या खोक्याचे पुठ्ठे लावले. दिसायला ते दुकानातल्या वहीसारखं झकास दिसत होतं. बाबांच्या मांडीवर ठेवलं, उघडलं, हात काढला आणि ते फाडकन मिटलं. परत उघडलं, परत मिटलं. शिवाय बाबा कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लिहायचे, त्यामुळे प्रत्येक ओळीचे आतले शब्द शिवणीत गेले होते. "राजा इथी काय बोलते ते सुतळीले इचारा लागते," बाबा म्हणाले. मी पुस्तक अंगणात भिरकावलं. आईने ते मुकाट्याने उचलून आणलं आणि माती झटकली.

मग मी शाळेच्या हेडमास्तरांकडे गेले. त्यांच्या कपाटात वाळवीने अर्धं खाल्लेलं एक जाडजूड पुस्तक होतं, पक्क्या बांधणीचं. "ने, तसंही जाळायचंच आहे," ते म्हणाले. ते मी उंबऱ्यावर पालथं घातलं आणि दाढीच्या पात्याने त्याची पाठ उकलली. आत जे दिसलं त्याने माझा सगळा हिशेबच चुकीचा ठरला. पानं सुटी नव्हतीच. मोठे कागद घडी घालून एकात एक बसवले होते. अशा घड्यांच्या जुडीला जुज म्हणतात, हे हेडमास्तरांनी नंतर सांगितलं. दोरा कडेतून नाही तर घडीच्या पोटातून जात होता, बाहेर येऊन शेजारच्या जुजाला गाठ मारत होता आणि पुढे निघत होता. आणि कापडाची पाठ पानांना चिकटलेलीच नव्हती. मध्ये पोकळी होती. म्हणून पुस्तक उघडलं की पानं सपाट पडत आणि पाठ आपली बाहेरच्या बाहेर राही. मी ते दिवसभर उघडत-मिटत बसले. आईला वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला.

सराव केला तो धान संशोधन केंद्राच्या माहितीपत्रकांवर. बाबांनी वर्षानुवर्षं आणून ठेवलेली, तुडतुडे आणि करपा रोगावरची. पहिला दोरा कागद कापत गेला. दुसऱ्या वेळी मी भीतभीत ओढला तर जुजं लटपटायला लागली. आई चुलीपुढून बघत होती. तिने मोहळाचं मेण आणून पुढ्यात टाकलं. "दोऱ्याले लाव," म्हणाली. "मंग कापत नाई आन सरकतही नाई." खळ घरच्या तांदळाच्या पिठाची केली, आमच्याकडे दुसरं काय असणार? ती झुरळांनी दोन दिवसांत चाटूनपुसून खाल्ली, पुठ्ठ्यासकट. मग खळीत मोरचूद घातलं. खळ निळसर झाली, झुरळं फिरकेनाशी झाली. हाताला जखम असली की आग व्हायची, आणि माझ्या हाताला जखमा भरपूर होत्या.

पण खरी अडचण वेगळीच निघाली. घडीच्या पोटातून शिवायचं तर कागद घडीचे हवेत, आणि बाबांचा गठ्ठा सगळा सुट्या पानांचा. आख्खं नाटक नव्याने लिहून काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मी ताव आणले, घड्या घातल्या, आतल्या बाजूला चांगला समास सोडला, आणि बाबांपुढे लिहायला बसले. धानाची कापणी तोंडावर होती. आई एकटी बांधीत जात होती आणि आम्ही बापलेक घरात नाटक करत होतो, त्यावरून तिने जे ऐकवलं ते ऐकवलंच.

बाबा वाचायचे, मी लिहायची. रोज भांडण ठरलेलं. "तू लिहून राह्यली का खोदून राह्यली?" ते विचारायचे. मी म्हणायची, "तुमी बोलून राह्यले का पळून राह्यले?" पण मला त्यांच्या खुणा कळायला लागल्या. गोल म्हणजे इथे टाळी पडते, थांब. नागमोडी रेघ म्हणजे सेनापतीला दम लागतो, वाक्य तोडून दे. फुली म्हणजे हे वाक्य राजा दरवर्षी खातो, देऊच नको. हे सगळं मी शब्दांत लिहून काढत होते, लाल शाईने, सुवाच्य अक्षरात. माझं अक्षर चांगलं होतं. शाळेत फळ्यावर सुविचार लिहायला मलाच उभं करायचे. प्रत्येक खुणेमागचा किस्सा सांगताना बाबांचा चेहरा पूर्वीसारखा व्हायचा आणि मी मुद्दाम जास्त विचारायची. इतके दिवस मी त्यांच्याजवळ कधी बसले नव्हते.

लिहून झालं, शिवून झालं. आता पुठ्ठा. साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा दंवात मऊ पडणार, हे मला कळत होतं. जाड पुठ्ठा गावात मिळत नव्हता आणि चंद्रपूरला जाणार कोण? कागदावर कागद खळीने चिकटवून दाबले की लाकडासारखा पुठ्ठा होतो, हे मी उकललेल्या पुस्तकात पाहिलं होतं. कागद खूप लागणार होते.

"हे जुने लाव ना," बाबा त्यांचा गठ्ठा पुढे सरकवत म्हणाले.

"ते राहू द्या," आई म्हणाली. "तुमच्या हातचं हाय."

"काऊन? आता दोन-दोन कायले पायजे?" बाबा हसले. त्यांना माझ्या पुस्तकावर माझ्याहून जास्त भरवसा होता. मी एकेका पानाला खळ लावली, एकावर एक बसवली, दोन फळ्यांमध्ये घालून वर पाटा ठेवला. शाई खळीत थोडी पसरली. मग अक्षरं दिसेनाशी झाली.

त्याच दिवशी अवकाळी पाऊस सुरू झाला. कापलेलं धान बांधीत पडलेलं, आई कपाळाला हात लावून दारात बसलेली, आणि माझे पुठ्ठे पाट्याखाली ओले. चुलीजवळ ठेवले तर वाकडे होणार. तसेच ठेवले तर बुरशी धरणार. उचलून बघावं तर कोपरे उकलणार. रोज सकाळी बाबा विचारायचे, "पाह्याचं काय?" आणि मी खेकसायची, "हात नका लावू!" पाट्याच्या बाजूने मी वास घेत बसायची. तांदळाच्या खळीचा वास आंबट व्हायला लागला. तालीम जवळ आली होती, पुन्हा सगळं करायला वेळ नव्हता आणि करायला कागदही नव्हते. मी इतकी चिडचिडी झाले होते की आईने माझ्याशी बोलणंच सोडलं. तिने फक्त फळ्यांच्या चहूबाजूंनी कोरडी राख पसरून ठेवली, ओल ओढून घ्यायला.

ऊन पडलं. पाटा उचलला. पुठ्ठे सरळ होते, वाजवले तर टणटण वाजले. पाठीला मच्छरदाणीचा तुकडा लावला, वरून आईच्या जुन्या लुगड्याचं तपकिरी कापड चढवलं, पोकळी राखली, आणि पुन्हा पाट्याखाली घालून तालमीच्या दिवशी सकाळी बाहेर काढलं.

बाबांनी ते मांडीवर घेतलं. मधोमध उघडलं आणि हात काढून घेतला. पुस्तक पडून राहिलं. त्यांनी एका बोटाने पान उलटलं. पुढचं उलटलं. मग सुरुवातीला गेले, शेवटाला गेले, जिथे उघडतील तिथे ते उघडं राहत होतं. बाबा एकदम मोठ्याने हसले, लकव्यानंतर पहिल्यांदा. "पाह्य वो," ते आईला म्हणाले, "हे तं मले बसा म्हणते!" मला इतका आनंद झाला की मी विनाकारण अंगण झाडून काढलं.

तालीम शाळेच्या व्हरांड्यात होती. बाबा भिंतीला टेकून बसले, पुस्तक मांडीवर, उजवा हात मोकळा. पहिला अंक असा गेला की पेटीवाल्याने मान डोलावली. एकदाही पान चुकलं नाही, एकदाही आवाज अडला नाही. मी खांबाआड उभी होते. अंक संपला, सगळे चहाला उठले, आणि अध्यक्षांनी पुस्तक उचललं. वरून हात फिरवला. उघडलं. वाचलं.

"मोत्यासारखं अक्षर हाय बाई तुहं," ते मला म्हणाले. मग पुन्हा वाचायला लागले, मोठ्याने. लाल शाईतलं 'टाळी पडेल, थांबा' हेही वाचलं. त्यांनी भाच्याला हाक मारली. "हे वाच बरं."

भाचा उभ्याउभ्या दोन पानं वाचत गेला. कुठे थांबायचं, कुठे तोडायचं, काय सोडायचं, सगळं त्याच्यापुढे लिहिलेलं होतं. तो सडसडीत, हसतमुख मुलगा होता, आणि आवाज खणखणीत. मी बाबांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. जे माझ्या आत्ता ध्यानात येत होतं, ते त्यांना आधीच कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अध्यक्ष घरी आले. सोबत केळी आणली होती. "भाऊ, रातभर खड्ड्यात बसनं, वरून दंव. तुमाले काई झालं तं आमी तोंड कुठी दाखवाचं? पोरगा बसन. तुमचा आमी स्टेजवर सत्कार करू, शाल-नारळ देऊ." ते मनापासून बोलत होते. माणूस वाईट नव्हता, त्यामुळे त्यांच्यावर चिडणं अवघड होतं. तरी मी चिडले.

"पुस्तक नाई भेटणार," मी म्हणाले. "मी बांधलं, मी लिहिलं. माह्या बापाच्या मांडीसाठी बांधलं, तुमच्या भाच्याच्या नाई."

"बाई, नाटक मंडळाचं हाय."

"मंग तुमचं जुनं घ्या! तो गठ्ठा घ्या ना, तो..." आणि मी बोलता बोलता थांबले. आईने माझ्याकडे बघितलं. गठ्ठा त्याच पुस्तकाच्या पुठ्ठ्यात गेला होता, आणि 'राहू द्या' असं तीच म्हणाली होती.

पुस्तक माझ्या छातीशी होतं. खुंटीला विळा टांगलेला होता. कुठला दोरा कापला की सगळी जुजं सुटून खाली पडतील, हे त्या घरात मला एकटीलाच ठाऊक होतं. मग पुन्हा पानं कोणी लावायची? ज्याला नाटक तोंडपाठ आहे त्यानेच. माझी नजर विळ्याकडे गेली आणि बाबांनी ती बरोबर पकडली.

"दे," ते म्हणाले.

मी हललेच नाही.

"दे म्हणतो ना, माय. मंडईले नाटक नाई झालं तं लोक मले नाई, गावाले हासतीन."

मी दिलं. अध्यक्षांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, धोतराच्या सोग्यात गुंडाळलं आणि निघून गेले. केळी कोणी खाल्ली नाहीत.

मंडईच्या दिवशी बाबांना स्टेजवर बोलावलं. शाल घातली, नारळ दिला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांना पुढच्या रांगेत खुर्चीवर बसवलं आणि मी त्यांच्या पायाशी पोत्यावर बसले. आमच्यापुढेच खड्डा होता. भाचा मांडी घालून बसला होता, पुस्तक त्याच्या मांडीवर सपाट उघडं, एका हातात बॅटरी, दुसरा हात पानावर. नांदी झाली. पडदा उघडला. राजा आला.

मी नाटकाकडे बघितलंच नाही. बाबांचे ओठ हलत होते. भाच्याच्या अर्धा शब्द आधी ते पोचायचे, टाळीला थांबायचे, सेनापतीसाठी वाक्य तोडायचे, राजा खातो ते वाक्य गिळायचे. आवाज अजिबात नव्हता. उजव्या हाताचं बोट शालीवर पान उलटत होतं. पहिला अंक असा संपला.

पडदा पडला, लोक पानसुपारीला उठले. बाबा माझ्याकडे वाकले.

"चांगला वाचते पोरगा," ते म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "त्याले अडखळाले जागाच नाई ठेवली तू."

ती तारीफ होती. खरीखुरी, अभिमानाने केलेली. तशी तारीफ त्यांनी मला आधी कधी केली नव्हती. मी त्यांच्या नव्या शालीत तोंड खुपसलं आणि रडले, चारचौघांत, लाज सोडून.

"गप, गप," त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "दुसरा अंक सुरू होऊन राह्यला." आणि पडदा उघडायच्या आत त्यांचे ओठ पुन्हा हलायला लागले.